अंगावरून वारं गेलेला पेशंट तुमच्या हाती कुठे येतो? स्ट्रोक तपासणीच्या ऑनलाइन प्रशिक्षणांची तुलना

कोल्हापूर जिल्ह्यात स्ट्रोकचा पेशंट ‘स्ट्रोक’ म्हणून क्वचितच येतो. ‘अंगावरून वारं गेलंय’, ‘तोंड वाकडं झालंय’, ‘सकाळपासनं बोबडं बोलतोय’, ‘चक्कर येऊन पडले, शुगर उतरली असंल’ असं सांगत नातेवाईक त्याला आणतात. हे ऐकणारा माणूस प्रत्येक ठिकाणी वेगळा. चंदगडकडच्या उपकेंद्रात सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी), १०८ च्या गाडीत डॉक्टर, तालुक्याच्या कॅज्युअल्टीत रात्रपाळीच्या सिस्टर, शहरातल्या आयसीयूत रेसिडेंट. आजार एकच असला तरी या चौघांनी घ्यायचा निर्णय सारखा नाही. उपकेंद्रात प्रश्न असतो ‘हा स्ट्रोक आहे का, गाडी बोलवू का?’ गाडीत प्रश्न असतो ‘कुठे न्यायचा?’ कॅज्युअल्टीत प्रश्न असतो ‘सीटीला पाठवा, शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं ते विचारा, किती वेळ उरलाय?’ आणि आयसीयूत ‘कालच्यापेक्षा आज बरा आहे की वाईट?’

ऑनलाइन कोर्स निवडताना हा प्रश्न बाजूलाच राहतो आणि सगळे एनआयएचएसएस या स्ट्रोकची तीव्रता मोजणाऱ्या पट्टीच्या प्रमाणपत्रामागे लागतात. प्रमाणपत्र चांगलंच आहे, त्यावर पुढे सविस्तर लिहिलं आहे. पण उपकेंद्रातल्या सीएचओने पहिल्यांदा तेच करावं असं आम्हाला वाटत नाही. आणि ज्या आयसीयूत थ्रोम्बोलिसिस (औषधाने गुठळी विरघळवणं) होतं तिथल्या सिस्टरला ते येत नसेल, तर ती उणीव उद्याच्या उद्या भरून काढायला हवी.

समोर काय काय आहे

ढोबळपणे पाच प्रकार मिळतात. पहिला प्रकार म्हणजे ओळख-परीक्षांचे छोटे कोर्स. बी-फास्ट, सिनसिनाटी, रेस अशा काही मिनिटांत होणाऱ्या तपासण्या त्यांत शिकवतात. दुसरा एनआयएचएसएसचं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र, तेही अमेरिकन हार्ट असोसिएशनसह काही ठिकाणांहून मिळतं. तिसऱ्यात दारापासून डिस्चार्जपर्यंतची सगळी साखळी येते, एंजल्स इनिशिएटिव्हची ऑनलाइन अकादमी या जातीची. चौथा वर्ल्ड स्ट्रोक ऑर्गनायझेशनच्या वर्ल्ड स्ट्रोक अकादमीसारखा, न्यूरॉलॉजी-मेडिसिनच्या डॉक्टरांना जवळचा. पाचवा एसीएलएस, म्हणजे हृदय बंद पडल्यावरच्या तातडीच्या उपचारांचा कोर्स. त्यात स्ट्रोक हा अनेक विषयांपैकी एक असतो आणि त्याची ऑनलाइन आवृत्ती घेतली तरी प्रत्यक्ष हाताने करून दाखवण्याचा भाग ठेवलेलाच असतो.

एमआरएस आणि अ‍ॅस्पेक्ट्स यांचेही कोर्स आहेत. एमआरएस ही ० ते ६ ची मोजपट्टी तीन महिन्यांनी पेशंट कितपत स्वावलंबी आहे हे सांगते. ती रजिस्ट्री चालवणाऱ्यांना आणि फिजिओथेरपिस्टना लागते. अ‍ॅस्पेक्ट्समध्ये सीटीवर मेंदूच्या दहा भागांना गुण देतात, १० म्हणजे चांगलं. ते सीटी वाचणाऱ्यांचं काम आहे. तुम्ही या दोन्हींपैकी काही करत नसाल तर हे कोर्स तूर्त सोडा.

एनआयएचएसएस: नेमकं काय शिकवतात

ही मोजपट्टी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. ११ मुद्दे, एकूण ० ते ४२ गुण, आणि गुण वाढले की आजार वाढला. जीसीएसची (शुद्ध मोजायच्या पट्टीची) सवय असलेल्या सिस्टरांचा पहिला गोंधळ इथेच होतो, कारण तिथे १५ चांगलं असतं आणि इथे १५ म्हणजे बऱ्यापैकी मोठा स्ट्रोक. केसपेपरवर नुसतं ‘स्कोअर १२’ लिहिलं तर पुढच्या पाळीला दोन्ही अर्थ लावता येतात. म्हणून मोजपट्टीचं नाव प्रत्येक वेळी पूर्ण लिहायचं.

प्रमाणपत्राच्या कोर्सची रचना जवळपास सगळीकडे सारखी आहे. आधी प्रत्येक मुद्दा कसा तपासायचा याचा व्हिडिओ, मग खऱ्या पेशंटच्या तपासणीचे व्हिडिओ. परीक्षेच्या एका गटात सहा पेशंट असतात आणि प्रत्येकाला प्रत्येक मुद्द्यावर गुण द्यायचे असतात. लक्ष देऊन केलं तर दोन-तीन तास जातात. गट अनेक आहेत. त्यामुळे पुढच्या वर्षी नूतनीकरण करताना वेगळा गट घ्या, नाहीतर उत्तरं पाठ झालेली असतात.

नापास होणारे बहुतेक जण ज्ञान कमी असल्यामुळे नापास होत नाहीत. मोजपट्टीचे स्वतःचे काही नियम आहेत आणि चांगल्या डॉक्टरच्या अंगवळणी पडलेल्या सवयींशी त्यांचं भांडण होतं.

पहिला नियम: जे दिसलं तेच लिहा, वाटलं ते नको. पेशंटचा डावा हात संधिवाताने आधीच वर होत नसेल तरी नियमाप्रमाणे तो जितका वर गेला त्यावरूनच गुण. अपवाद फक्त हात-पाय कापलेला असणं किंवा सांधा पूर्ण जखडलेला असणं. त्यावेळी गुण न देता ‘तपासता येत नाही’ लिहून कारण नोंदवायचं. दुसरा नियम: पहिलं उत्तर धरायचं. ‘आठवा की आज्जी, मगाशी सांगितलंत नव्हं?’ असं म्हणून मदत करणं इथे चूक ठरतं. तिसरा: मुद्दे दिलेल्या क्रमानेच घ्यायचे, लगेच लिहायचं, नंतर मागे जाऊन बदलायचं नाही. चौथा नियम हमखास चुकतो. अ‍ॅटॅक्सिया म्हणजे तोल जाणं किंवा हात-पाय भरकटणं. ते अशक्तपणाच्या प्रमाणाबाहेर असेल तरच गुण द्यायचे. हात पूर्ण लुळा असेल किंवा पेशंटला सांगितलेलं समजतच नसेल तर अ‍ॅटॅक्सिया शून्य. ‘हात हलतच नाही, मग अ‍ॅटॅक्सियालाही २’ अशी उत्तरं परीक्षेत ढिगाने येतात. वेगवेगळे तपासनीस एकाच पेशंटला वेगवेगळे गुण देतात तेही सगळ्यात जास्त याच मुद्द्यावर, आणि त्याच्या खालोखाल चेहऱ्यावर.

हाताची तपासणी जवळून पाहू, कारण कोर्सचा खरा फायदा तिथे कळतो. पेशंट बसलेला असेल तर हात ९० अंशांत, आडवा असेल तर ४५ अंशांत, तळवा खाली. आधी चांगला हात, मग कमजोर. मोठ्याने आणि पेशंटला दिसतील अशी बोटं दाखवत दहापर्यंत मोजायचं. दहा सेकंद हात जागेवर राहिला तर ०. खाली सरकला पण पलंगाला टेकला नाही तर १. गुरुत्वाविरुद्ध थोडा जोर आहे पण टिकला नाही, टेकला, तर २. उचलताच येत नाही, सोडला की पडतो, थोडी हालचाल आहे, तर ३. काहीच नाही तर ४. पाय मात्र नेहमी आडवं झोपवून, ३० अंशांत, पाचच सेकंद. घाईत पायालाही दहा मोजतात किंवा हाताला पाच, आणि मग पुढच्या पाळीचा आकडा जुळत नाही. १ आणि २ मधला फरक व्हिडिओ थांबवून-थांबवून पाहिल्याशिवाय डोळ्यांत बसत नाही. पुस्तकात वाचून हे येत नाही, इथे ऑनलाइन व्हिडिओला पर्याय नाही.

आता या मोजपट्टीच्या मर्यादा, ज्या प्रमाणपत्राच्या कोर्समध्ये ओझरत्या येतात. ती डाव्या मेंदूच्या बाजूने झुकलेली आहे. ४२ पैकी ७ गुण भाषेशी निगडित बाबींना मिळतात, आणि उजव्या मेंदूच्या दुर्लक्षदोषाला (एका बाजूकडे लक्षच न जाणं) फक्त २. मागच्या रक्तवाहिन्यांचा स्ट्रोक असेल, म्हणजे गरगर, उलट्या, उभं राहताच कोसळणं, तर स्कोअर ० किंवा १ येऊ शकतो, कारण धडाचा तोल या पट्टीत मोजलाच जात नाही. बोटांची ताकदही मोजली जात नाही. हुपरीच्या चांदी कारागिराची बोटं सकाळी अचानक चिमटा धरेनाशी झाली तर एनआयएचएसएस शून्याच्या आसपास येईल, पण त्याची रोजीरोटी त्याच बोटांवर आहे. थ्रोम्बोलिसिसचा निर्णय ‘ही तूट या माणसाला अपंग करणारी आहे का’ या प्रश्नावर घ्यायचा असतो, नुसत्या आकड्यावर नाही. ज्या कोर्समध्ये हे ठणकावून सांगितलेलं नाही, तो कोर्स करून झाल्यावर हे वेगळं शिकायला लागतं.

मराठी, कानडी आणि एनआयएचएसएस

या कोर्समधले बहुतेक पेशंट इंग्रजी बोलतात. आपल्याकडे अडचण सुरू होते ती पहिल्याच प्रश्नापासून: ‘आता कोणता महिना चालू आहे? तुमचं वय किती?’

नियम कडक आहे, जवळपासचं उत्तर चालत नाही. शाहूवाडीची सत्तरीतली आज्जी महिना ‘आषाढ’ सांगते. आषाढ खरोखरच चालू असेल तर उत्तर बरोबर, आमच्या मते त्यात दुमत असू नये. पण त्यासाठी तपासणाऱ्याला स्वतःला तिथी माहीत हवी, म्हणून कॅज्युअल्टीत भिंतीवर मराठी महिन्यांचं कॅलेंडर टांगलेलं असावं. वयाचं त्याहून अवघड. ‘साठ-पासष्ट असंल’ हे उत्तर नियमाप्रमाणे चूक. ती आजारी पडण्याआधीही तेच सांगत होती, हे सून सांगत असेल तरी गुण नियमाप्रमाणेच द्या आणि शेजारी लिहून ठेवा: ‘आधीपासून वय नक्की माहीत नाही’. म्हणजे उद्याचा स्कोअर तुलनेला उपयोगी पडतो आणि चुकीचा अर्थही निघत नाही.

गडहिंग्लज, चंदगड, शिरोळकडून कानडी बोलणारे पेशंट येतात. अफेजियामुळे (मेंदूच्या इजेने भाषा हरवणं) नव्हे तर भाषा न कळल्यामुळे पेशंट उत्तर देऊ शकला नाही, तर महिना-वयाच्या मुद्द्याला १ द्यायचा, २ नाही. अफेजियाने प्रश्नच न समजणाऱ्याला २. श्वासनळीत नळी घातलेल्या पेशंटलाही इथे १. हा फरक कोर्समध्ये येतो, पण एका ओळीत येऊन जातो. ‘डोळे मिटा, उघडा, मूठ आवळा, सोडा’ या आज्ञा मात्र खुणेने करून दाखवायला परवानगी आहे. तेव्हा तिथे भाषेची सबब चालत नाही.

चित्रं आणि शब्द हा तिसरा अडथळा. नावं सांगायच्या मूळ कागदावर हातमोजा, किल्ली, निवडुंग, खुर्ची, पीस आणि झाडांना बांधलेली झोळी अशी रेखाचित्रं आहेत. निवडुंग आपल्याकडे कुणालाही कळतो. ती झोळी मात्र पुष्कळांना नीट ओळखता येत नाही, आणि ते न ओळखणं म्हणजे अफेजिया नव्हे. वाचायची वाक्यं इंग्रजी असतात. ज्याला वाचता येत नाही किंवा दिसत नाही त्याच्याकडून आपण बोललेलं वाक्य परत म्हणवून घेणं, हातात वस्तू देऊन नाव विचारणं नियमात बसतं. हिंदी आवृत्तीची पडताळणी झालेली असून ती २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. संशोधनात सहभागी असाल तर त्या-त्या अभ्यासाचा मंजूर कागदच वापरा. रोजच्या वापरासाठी विभागाने मिळून एक मराठी पान ठरवून लॅमिनेट करून घ्यावं आणि सगळ्या पाळ्यांनी तेच वापरावं.

उच्चारासाठी शब्द निवडताना मूळ यादीमागचं गणित लक्षात घ्या. ‘मामा’ ओठांसाठी, ‘टिपटॉप’ जिभेच्या टोकासाठी आणि ओठांसाठी, लांब शब्द सगळ्यांच्या मेळासाठी. मराठीत ‘मामा’, ‘पापड’, ‘तात्या’, ‘काकडी’, ‘टकाटक’ आणि शेवटी ‘गडहिंग्लज’ असा क्रम लावला तर ओठ, दात, टाळू, घसा सगळं तपासून होतं. ‘गडहिंग्लज’ म्हणायला सांगितल्यावर सौम्य डिसार्थ्रिया (उच्चार अस्पष्ट होणं) चटकन उघडा पडतो. पण पेशंटची कवळी काढलेली आहे का ते आधी बघा. कवळीशिवाय ठणठणीत माणसालाही तो शब्द नीट म्हणता येत नाही.

मराठीच्या बाबतीत कुठलाच तयार कोर्स तुम्हाला पूर्ण मदत करत नाही. हे काम विभागालाच करावं लागतं, आणि कोर्स निवडताना त्यासाठी दोन-तीन बैठकांचा वेळ हिशोबात धरावा.

१०८ आणि उपकेंद्रासाठी: छोटी परीक्षा, मोठा फरक

गाडीत एनआयएचएसएस करायला कुणी सांगत नाही, आणि चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून जास्त असलं तरी ते सुरुवातीला थांबून करण्यात वेळ घालवू नये. इथे बी-फास्ट आणि रेस या दोनपैकी निवड करायची आहे.

बी-फास्टमध्ये तोल, डोळे, चेहरा, हात, बोलणं आणि वेळ. ‘फास्ट’मध्ये तोल आणि डोळे नव्हते, त्यामुळे मागच्या रक्तवाहिन्यांचे स्ट्रोक निसटत होते. ही परीक्षा फक्त ‘स्ट्रोक असेल का’ एवढं सांगते. रेसची पट्टी त्याच्या पुढे जाते. चेहरा ०–२, हात ०–२, पाय ०–२, नजर एका बाजूला वळलेली असेल तर १, आणि अफेजिया किंवा स्वतःच्या कमजोरीची जाणीव नसणं ०–२, एकूण ९. ५ किंवा जास्त आले तर मोठी रक्तवाहिनी तुंबली असण्याची शक्यता बरीच. अशा पेशंटला मेकॅनिकल थ्रोम्बेक्टॉमी (रक्तवाहिनीत नळी घालून गुठळी काढणं) लागू शकते, म्हणजे जवळच्या सीटीपाशी थांबायचं की तिथूनच पुढच्या गाडीची तयारी करायची, हा विचार गाडीतच सुरू होतो.

आमचं मत: सीएचओ आणि आशांच्या प्रशिक्षकांना बी-फास्ट पुरेसं आहे, तेच नीट शिका. १०८ मधल्या डॉक्टरांनी दोन्ही करावीत. बी-फास्टला अर्धा तास पुरतो, रेसला तासभर द्या. पण जो कोर्स ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं’ हा प्रश्न कसा विचारायचा ते शिकवत नाही, त्याला आम्ही अर्धाच कोर्स म्हणू.

या प्रश्नावर थ्रोम्बोलिसिसच्या साडेचार तासांचा सगळा हिशोब उभा असतो. ‘कधी झालं?’ असं विचारलं तर उत्तर मिळतं ‘सकाळी’. सकाळी म्हणजे पाच की अकरा? आणि ‘झालं’ म्हणजे झालं तेव्हा की दिसलं तेव्हा? झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असेल तर घड्याळ रात्री झोपताना शेवटचं बरं पाहिलं तिथून सुरू होतं. आपल्याकडे वेळ कामाशी बांधलेली असते, तेव्हा प्रश्नही तसेच विचारा. ‘सकाळी संस्थेत दूध घालायला स्वतः गेले होते का? परत येताना बरे होते? कारखान्याचा भोंगा व्हायच्या आधी की नंतर? चहा हातात नीट धरला होता का? शेवटचा फोन कुणाला केला?’ फोनची नोंद बघितली की मिनिटापर्यंत वेळ हाती लागते. ज्याने पेशंटला शेवटचं बरं पाहिलं त्याचा मोबाइल नंबर केसपेपरवर लिहून घ्या. पेशंटच्या मागून येणारा माणूस कधीकधी शेजारी असतो आणि त्याला काहीच माहीत नसतं.

आणि बोटातून साखर. साखर उतरल्यावर एका बाजूचा अशक्तपणा येऊ शकतो, फिट येऊन गेल्यावरही काही काळ हात-पाय लुळे राहू शकतात. कोर्स कुठलाही असो, ग्लुकोमीटर पहिल्या पाच मिनिटांत बाहेर निघाला पाहिजे. तोंडातून पाणी, औषध, साखर काहीही द्यायचं नाही, हे नातेवाइकांनाही सांगावं लागतं, कारण ‘जरा पाणी पाजा’ म्हणणारं कुणीतरी प्रत्येक गाडीजवळ उभं असतं.

एंजल्स विरुद्ध वर्ल्ड स्ट्रोक अकादमी विरुद्ध एसीएलएस

पूर्ण टीमला एकत्र शिकवायचं असेल तर एंजल्सची अकादमी आम्हाला सोयीची वाटते. ती विनामूल्य आहे, धडे तुकड्या-तुकड्यांचे आहेत, आणि डॉक्टर, नर्स, गाडीवरचे कर्मचारी असे वेगवेगळे रस्ते आहेत. तिची सर्वांत मोठी ताकद सिस्टरांच्या कामात दिसते: ताप, साखर आणि गिळणं. ऑस्ट्रेलियातल्या क्यूएएससी अभ्यासात (२०११) या तीन गोष्टींचे नर्सनी चालवलेले प्रोटोकॉल लावल्यावर मृत्यू आणि परावलंबित्व दोन्ही मिळून कमी झालं. तापमान ३७.५ सेल्सिअसला पोचलं की उपचार, साखर ठरावीक वेळी तपासायची, आणि गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडातून काही नाही. यातलं काहीही महाग नाही. कोल्हापुरातल्या कुठल्याही वॉर्डात उद्या सुरू करता येईल.

एक गोष्ट माहीत असून निवडा. हा उपक्रम बोरिंगर इंगेलहाइम या औषध कंपनीचा आहे, आणि गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेस हे तिचं उत्पादन आहे. म्हणून औषधनिवडीचे धडे भारतीय मार्गदर्शक सूचनांशी ताडून पाहा. त्याच कामाचं टेनेक्टेप्लेस एकदाच द्यायचं, किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम, कमाल २५; अल्टेप्लेस किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, कमाल ९०, त्यातलं १० टक्के एका मिनिटात आणि उरलेलं एका तासात. सरकारी किंवा छोट्या रुग्णालयात कोणतं हाती आहे आणि कोणतं देणं सोपं जातं, हा व्यवहाराचा प्रश्न कंपनीच्या धड्यावर सोडू नये.

वर्ल्ड स्ट्रोक अकादमी खोल आहे, पण ती पहिली पायरी नाही. ज्याला सीटी-अँजिओ वाचता येतं, ज्याच्यासमोर थ्रोम्बेक्टॉमीला पाठवण्याचा निर्णय आहे, त्याला तिथली व्याख्यानं आणि केस चर्चा उपयोगी पडतील. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला ती थकवतील.

एसीएलएस स्ट्रोकसाठी घेऊ नका. ते हृदयासाठी, अरेस्टसाठी घ्या, तिथे त्याला तोड नाही. स्ट्रोकचा भाग छोटा आहे, तरी त्यातला वेळेचा आराखडा पाठ करण्यासारखा आहे: दारातून आल्यापासून १० मिनिटांत पहिली तपासणी, २० मिनिटांत सीटी. कार्ड दोन वर्षं चालतं आणि खर्च काही हजारांत जातो. रुग्णालय एसीएलएसचा खर्च करतच असेल, तर त्यातून एनआयएचएसएस येईल असं समजू नका. ते येत नाही.

पैसे, वेळ आणि त्रास

परदेशी चलनात पैसे घेणाऱ्या कोर्ससाठी लागणारे आंतरराष्ट्रीय व्यवहार आपल्या डेबिट कार्डवर बहुधा बंद असतात. बँकेच्या अ‍ॅपमधून ते आधी चालू करा, नाहीतर दोनदा पैसे अडकतात. नोंदणी करताना प्रमाणपत्रावर हवं तसंच, कौन्सिलच्या नोंदणीतलं नाव टाका. नंतर बदलायला दिवस लागतात.

परीक्षा मोबाइलवर देऊ नका. नजर थोडी एका बाजूला सरकली आहे का, ओठाचा कोपरा उतरला आहे का, हे सहा इंचांच्या पडद्यावर दिसत नाही. लॅपटॉप घ्या. हेडफोनही लावा, डिसार्थ्रिया आणि अफेजिया यातला फरक ऐकून ओळखायचा असतो. गगनबावडा, शाहूवाडीकडे नेटवर्क तुटतं म्हणून परीक्षा शहरात आल्यावर द्या. ऑफलाइन उतरवता येणारे धडे आधी उतरवून ठेवा. रात्रपाळी संपवून सकाळी परीक्षेला बसू नका, सहावा पेशंट येईपर्यंत डोळे मिटतात आणि ३ च्या जागी २ पडतो.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला पाच वर्षांत ३० क्रेडिट लागतात. परदेशी ऑनलाइन प्रमाणपत्र त्यात आपोआप धरलं जात नाही. क्रेडिट हाच उद्देश असेल तर कौन्सिलची मान्यता असलेल्या इथल्या कार्यशाळेला जा आणि एनआयएचएसएस वेगळं करा.

कोर्स झाल्यावर

पडद्यावर पास झालेला माणूस पलंगाशेजारी पहिले आठ-दहा पेशंट अडखळतो, हे गृहीत धरा. उपाय साधा आहे. दोघांनी एकच पेशंट एकापाठोपाठ, एकमेकांचे आकडे न बघता तपासायचा, आणि नंतर एकूण बेरीज नव्हे तर मुद्दा-मुद्दा जुळवायचा. बेरीज जुळते पण मुद्दे जुळत नाहीत असं सुरुवातीला नेहमी होतं: एकाने चेहऱ्याला जास्त दिला, दुसऱ्याने हाताला. फरक कुठल्या मुद्द्यावर येतो ते वहीत लिहा. दहा पेशंटनंतर वही उघडली की कुणाला काय परत शिकायचं आहे ते दिसतं, बहुधा संवेदना, अ‍ॅटॅक्सिया आणि दुर्लक्षदोष.

थ्रोम्बोलिसिसनंतर पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी, पुढचे सहा तास दर ३० मिनिटांनी, मग २४ तासांपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि मेंदूची तपासणी. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली. स्कोअर ४ किंवा जास्त गुणांनी वाढला तर ते गंभीर. औषध चालू असेल तर थांबवून डॉक्टरांना बोलवायचं आणि सीटी. म्हणून ‘मला येतं’ असं एका पाळीतल्या एकाच सिस्टरने म्हणून भागत नाही. तिन्ही पाळ्यांचे आकडे एकमेकांशी बोलले पाहिजेत.

मग कुणी काय घ्यावं

सीएचओ आणि प्राथमिक केंद्र: बी-फास्ट, एका आठवड्यात. १०८: बी-फास्ट आणि रेस, आणि ‘शेवटचं ठणठणीत’ विचारण्याचा सराव मराठी-कानडी दोन्हींत.

गडहिंग्लजच्या उपजिल्हा रुग्णालयासारख्या ठिकाणी कॅज्युअल्टीतले डॉक्टर आणि किमान दोन-दोन सिस्टर प्रत्येक पाळीत: एनआयएचएसएस प्रमाणपत्र, सोबत एंजल्सचे गिळण्याचे आणि ताप-साखरेचे धडे. खर्च एकदमच सगळ्यांचा परवडत नसेल तर रात्रपाळीवाल्यांपासून सुरुवात करा, रात्री वरिष्ठ डॉक्टर हाताशी नसतात.

शहरातल्या मोठ्या केंद्रांत, सीपीआरमध्ये (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) किंवा थ्रोम्बोलिसिस करणाऱ्या खासगी रुग्णालयात: एनआयएचएसएस सगळ्यांना, दर वर्षी वेगळ्या गटाने. रेसिडेंटना त्यावर अ‍ॅस्पेक्ट्स, आणि ज्याला थ्रोम्बेक्टॉमीला पाठवायचा निर्णय घ्यावा लागतो त्याला वर्ल्ड स्ट्रोक अकादमी. चक्कर-गरगर घेऊन येणाऱ्या पेशंटांसाठी हिंट्सचे (डोळ्यांच्या हालचालींवरून गरगरीचं कारण ओळखायची चाचणी) व्हिडिओही पाहा, पण सतत गरगर आणि डोळ्यांचं फडफडणं चालू असतानाच ती चाचणी करायची, आणि वरिष्ठांसोबत तीस-चाळीस पेशंट केल्याशिवाय तिच्या आधारावर कुणाला घरी पाठवायचं नाही.

फिजिओथेरपिस्ट: एमआरएस.

आणि मराठी पान. कोणी कुठलाही कोर्स घेतला तरी ते पान आधी तयार ठेवा. महिना-वयाचा प्रश्न एकाच शब्दांत, आज्ञा एकाच शब्दांत, ‘गडहिंग्लज’पर्यंतची शब्दयादी, मागच्या बाजूला कानडीतल्या चार ओळी, आणि खाली ‘शेवटचं ठणठणीत पाहिलं: कुणी, किती वाजता, फोन नंबर’ ही रिकामी जागा.